थंडीतलं शेततळं : पहिल्या वर्षी एवढं सांभाळा

भाऊ, शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ हे तिन्ही मासे एकत्र सोडलेत हे उत्तम केलंत. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी चरतो. तिघांचं भांडण नाही. पण आपल्या मराठवाड्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पाणी चांगलंच गार पडतं, आणि नवखा माणूस चुकतो तो खाद्यात.

पाणी २० अंशांखाली गेलं की मासा खाणं कमी करतो. मी पहिल्या हिवाळ्यात पेंड-कोंडा नेहमीएवढाच टाकत राहिलो. तळाशी सडला, पाणी नासलं, आणि एका पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसले. जीव कळवळला हो. म्हणून:

- खाद्य दुपारी, ऊन पाण्यावर आल्यावर, टोपल्यात ठेवून पाण्यात सोडा. दोन तासांनी टोपलं उचला. उरलं असेल तर उद्या कमी.
- पाणी निदान पाच फूट ठेवा. उथळ पाणी लवकर गारठतं.
- थंडीत उगाच जाळं ओढू नका. खवले निघाले की तिथेच लाल चट्टे, जखमा होतात.

नवी बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) आता आणू नका, उन्हं तापू द्या. तळ्यात टाकायच्या चुन्याचं प्रमाण पुढच्या वेळी सांगतो. सध्या रोज पहाटे तळ्यावर चक्कर मारा.