चारचौघांत झापलं की लक्षात राहतं, हे खोटं आहे

तुमचा प्रश्न: 'जुनी टीका अजून टोचते, कौतुक मात्र आठवत नाही. असं का? आणि कारखान्यात माणसाला चूक सांगायची कशी?'

टोचतं म्हणजे आठवतं, असं नाही. कोण बोललं, बाजूला कोण उभं होतं, हे डोक्यात पक्कं बसतं. नेमकं काय चुकलं होतं ते विचारा, बहुतेक जण अडखळतात. सेडिकिडीस आणि ग्रीन या मानसशास्त्रज्ञांनी २००० मध्ये दाखवलं की भरवसा, माणुसकी अशा मर्मावरचं वाईट वर्णन स्वतःचं असेल तर लोकांना कमी आठवतं. तेच दुसऱ्याचं असेल तर तसं होत नाही. त्यांच्याच २००८ च्या प्रयोगांत असल्या वर्णनाची वाक्यं पुन्हा समोर ठेवल्यावर मात्र लोकांना ओळखता आली. म्हणजे पुसली गेलेली नसतात, आपणहून वर येत नाहीत इतकंच.

म्हणून 'काल सांगितलं होतं का नाही?' हा प्रश्न बिनकामाचा. 'हो मालक' येणारच. 'काल काय सांगितलं?' असं विचारा, मग खरं कळेल.

आता सोलापुरातल्या यंत्रमागांचंच घ्या. माग थांबवून परत चालू करताना चादरीत आडवा पट्टा पडतो. 'तू निष्काळजी आहेस' म्हटलंत की माणूस स्वतःला वाचवायला लागतो आणि पट्टा राहतो बाजूला. स्वभाव बदलण्यासारखा आहे असं वाटलं तर हे विसरणं होत नाही, हेही प्रयोगांत दिसलंय. काम तर बदलता येतंच, म्हणून स्वभावावर नाही, कामावर बोला. चादर टेबलावर पसरा, पट्ट्यावर त्याचंच बोट ठेवा. शेवटचा आडवा धागा सापडेपर्यंत माग हातानं मागं फिरवायचा, मग चालू करायचा, हे त्याच्याकडून एकदा करून घ्या. एका वेळी एकच चूक. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होताना त्याच्याच तोंडून ऐका.

आमच्याकडचे जुने मालक म्हणतात, चार लोकांसमोर बोललं की जन्मभर विसरत नाही. अहो, मागांच्या खटखटाटात तुमचा शब्द ऐकू तरी येतो का? हात नाचवताना तेवढे दिसतात. त्याला तो तमाशा आठवतो, पट्टा पुन्हा पडतो. आणि आधी गोड, मध्ये चूक, शेवटी पुन्हा गोड हा प्रकार तर बंदच करा. माणूस गोड तेवढं घेऊन घरी जातो.

कौतुकाचंही तसंच. 'छान काम' हवेत विरतं. 'या ताग्यात एकही पट्टा नाही' म्हणा.

एक राहिलंच. मुळात खचलेल्या, उदास माणसाला हे लागू नाही. त्याला स्वतःबद्दलचं वाईटच नीट आठवतं. त्याच्याकडून चूक वदवून घेऊ नका, माग कसा फिरवायचा तेवढं शेजारी उभं राहून दाखवा.