अलर्ट आला पण पाऊस नाही, मग कांदा झाकायचा की नाही?

नमस्कार मंडळी, या आठवड्यात आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त जणांची एकच तक्रार, 'साहेब, हवामान खातं फसवतं'. निफाडकडच्या एका दादांनी लिहिलंय की यलो अलर्ट बघून घाईघाईत मजूर लावले, कांदा उपटला, आणि थेंबही पडला नाही, आता हिरव्या मानेचा, म्हणजे पात वाळायच्या आत काढलेला माल चाळीत टिकणार नाही, हे कोण भरून देणार?

दादा, राग बरोबर आहे. पण यलो म्हणजे कांदा उपटा असं नाही हो, यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे लगेच हालचाल करा. आणि रंगाखाली 'तुरळक ठिकाणी' असं लिहिलेलं असतं ते कोणी वाचतच नाही. तुरळक म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजायच्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त 25 टक्के ठिकाणी, 'काही ठिकाणी' म्हणजे 26 ते 50 टक्के. म्हणजे तुमचं शिवार कोरडं राहिलं तरी अंदाज चुकलाच असं नाही, पलीकडच्या गावाला झोडपलं असेल.

आता खरा हिशोब. अंदाज खरा का खोटा हे मला विचारू नका, अंदाज ऐकायला खर्च किती आणि नाही ऐकला तर जातं किती ते बघा. काढून पडलेला कांदा आहे, ताडपत्री आणि दोन माणसं मिळून समजा 3 हजार लागले आणि भिजला तर 60 हजारांचा माल जातोय, तर वीसपैकी एकोणीस वेळा अलर्ट फुसका निघाला तरी तुम्ही तोट्यात नाही. झाका, दरवेळी झाका. फक्त ताडपत्री जमिनीपर्यंत आवळून ठेवू नका, खाली वाफ धरते, ऊन पडलं की उघडा, आणि ढिगाभोवती वीतभर चर काढा, कारण पाणी वरून कमी आणि खालून जास्त शिरतं हे दरवर्षी बघतो मी.

उभ्या कांद्याचं गणित उलटं आहे. निम्म्या माना पडल्या नसतील, म्हणजे कांदा अजून पिकला नसेल, तर अलर्ट बघून उपटू नका, कच्चा काढल्याचं नुकसान शंभर टक्के होणारच, पाऊस येवो न येवो. माना पडल्या असतील तर वाट बघू नका, काढा, पण झाकायची सोय आधी करा.

दिंडोरीच्या ताई विचारतात, गारपीट नेमकी कुठल्या गावात होणार ते का सांगत नाहीत? ताई, गारांचा ढग काही तासांत उभा राहतो, रडारवर दिसला की पुढच्या तीन तासांचा इशारा येतो. तीन तासांत बाग थोडीच काढून होते? द्राक्षाला तो इशारा फारसा कामाचा नाही हे खरंच आहे, तिथे जाळी किंवा प्लास्टिक आधीच लागतं आणि ते प्रत्येकाला परवडत नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट आठवते ना, तेव्हापासून आमच्या ऑफिसात वारा सुटला तरी फोन सुरू होतात.

एकजण जूनच्या पेरणीचं आत्ताच विचारतोय. भावा, तिथे फक्त अंदाजावर जाऊ नको, दुबार पेरणीचं बी-खत परवडत नाही. 2017 ला माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी अंदाजावर पेरलं, पावसाने दडी मारली आणि त्यांनी हवामान खात्यावर पोलिसात तक्रारच दिली. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस शेतात पडला आणि ओल खाली गेली की मगच तिफण काढ.

राहिलं विजेचं. मोबाईलमध्ये दामिनी ॲप टाका, फुकट आहे, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं आहे, आसपास वीज पडायची शक्यता असली की कळवतं. इथे मात्र हिशोब करत बसू नका, फार तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम बुडतं. काम सोडून घरात जा, आणि बैल झाडाखाली बांधले असतील तर निघताना सोडून घेऊन जा.