टिशू कल्चर शिकायचंय, पण केळीचं नाही

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. आंबोलीत झाडावर लोंबणारी सीतेची वेणी पाहिल्यापासून ‘मला ऑर्किड वाचवायचीत’ म्हणते. टिशू कल्चर शिकून पोट भरेल का? – एक पालक, सावंतवाडी

नमस्कार,

पोट भरेल, पण सुरुवातीला बहुधा केळीवर. टिशू कल्चर म्हणजे झाडाच्या छोट्याशा तुकड्यापासून बाटलीत, निर्जंतुक अन्नावर रोपं वाढवणं. जळगावकडच्या लॅबमध्ये अशी केळीची रोपं लाखांनी तयार होतात. लॅमिनारसमोर (गाळलेली, जंतुविरहित हवा सोडणाऱ्या कपाटासमोर) बसून चिमट्याने रोपं एका बाटलीतून दुसरीत लावायची. बुरशी शिरली की बाटली गेली. ऑर्किडलाही हाच हात लागतो, म्हणून तिने या कामाला कमी लेखू नये.

मात्र एक फरक तिला आत्ताच कळू द्या. केळीत एका चांगल्या झाडाच्या हुबेहूब प्रती हव्या असतात. दुर्मीळ ऑर्किड जंगलात परत न्यायचं तर सगळी रोपं सारखी असून चालत नाही. एकच रोग सगळ्यांना गाठेल. तिथे बियांपासून रोपं करणं बरं. पण हे बी धुळीसारखं बारीक, त्यात अन्नसाठा जवळजवळ नाहीच. जंगलात बुरशी त्याला जगवते. १९२२ मध्ये लुईस नडसन यांनी बुरशीशिवाय, साखर घातलेल्या अगारवर (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर) ते रुजवून दाखवलं. आज लॅबमध्ये न उकललेलं बोंड निर्जंतुक करून बी पेरतात, ते त्याच पायावर.

आणि वेळ? इंग्लंडमध्ये लेडीज स्लिपर ऑर्किडचं जंगलात एकच झाड उरलं होतं. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाने १९८३ मध्ये काम सुरू केलं. परत लावलेल्या रोपाला पहिलं फूल आलं २००० साली. सतरा वर्षं! हे ऐकूनही तिचे डोळे चमकले, तर अडवू नका.

बीएस्सीला बॉटनीच घ्या, हे माझं ठाम मत. जंगलात झाड ओळखता आलं नाही तर लॅबमध्ये नेमकं काय वाचवणार? पुढे एमएस्सी, मग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि पीएचडीची वाट. सिक्कीममध्ये पाक्योंगला आयसीएआरचं (भारतीय कृषी संशोधन परिषदेचं) ऑर्किड संशोधन केंद्र आहे, ते तिने डोळ्यांसमोर ठेवावं.

हौसेपोटीसुद्धा जंगलातलं ऑर्किड घरी आणू देऊ नका. त्यापेक्षा सुट्टीत एखाद्या टिशू कल्चर लॅबमध्ये विनंती करून तिला आठवडाभर बसवा. तिथून आल्यावर ती काय म्हणाली, ते मला जरूर कळवा.