हिकिकोमोरी : एकलकोंडा, घरकोंबडा की आणखी काही?

प्रश्न असा आहे : जपानी समाजावरील एका लेखाचा मराठी अनुवाद करताना 'हिकिकोमोरी' (समाजापासून दूर होऊन दीर्घकाळ घरातच राहण्याची अवस्था, आणि त्या अवस्थेतला माणूसही) या शब्दासाठी अनुवादिकेने 'एकलकोंडा' असे लिहिले, संपादकांनी ते खोडून 'घरकोंबडा' केले, आणि आता 'जपानमध्ये सुमारे पंधरा लाख घरकोंबडे आहेत' असे वाक्य छपाईला जाण्याच्या बेतात आहे. या दोहोंपैकी योग्य शब्द कोणता, अशी विचारणा झाली आहे. माझ्या मते दोन्ही नाहीत, आणि त्याचे कारण मूळ शब्दाच्या घडणीतच सापडते.

'हिकु' म्हणजे ओढणे किंवा मागे घेणे आणि 'कोमोरु' म्हणजे आत भरून राहणे, आतल्या आत असणे. या दोहोंचे जोडक्रियापद 'हिकिकोमोरु' आणि त्यावरून झालेले नाम 'हिकिकोमोरी'. हे नाम त्या अवस्थेलाही लागते आणि त्या अवस्थेतल्या माणसालाही, परंतु त्याचे मूळ क्रियापदात आहे. कोणीतरी स्वतःला मागे ओढून घेतले आणि आत राहिले, एवढेच तो शब्द सांगतो. तो माणूस स्वभावाने कसा आहे, याविषयी त्यात अवाक्षर नाही. आपले 'एकलकोंडा', 'घरकोंबडा', 'माणूसघाणा' हे तिन्ही शब्द मात्र स्वभावावर शिक्का मारणारे आहेत.

'कोमोरु' या क्रियापदाचा संसार मोठा आहे आणि तो पाहिल्याशिवाय शब्दाचा स्वाद कळत नाही. बंद खोलीत उष्मा साचला, वास भरून राहिला, तर जपानी माणूस 'कोमोरु' म्हणतो. म्हणजे मराठीत आपण जिथे 'धूर कोंदला' म्हणतो, नेमके तिथे. मन ओतून केलेल्या स्वयंपाकालाही याच क्रियापदाचे विशेषण लागते, कारण त्यात मन भरून राहिलेले असते. देवळात रात्रभर प्रार्थनेसाठी बसणे, ज्याला आपण अनुष्ठानाला बसणे म्हणू, ते 'ओकोमोरी'. हिवाळ्यात घराबाहेर न पडणे ते 'फुयुगोमोरी', आणि हा हायकूतला रूढ ऋतुशब्द आहे. पक्ष्याने घरट्यात बसून राहणे ते 'सुगोमोरी'. करोनाच्या काळात घरी बसलेल्या साऱ्या देशाला जपानी वृत्तपत्रांनी हाच शब्द लावला, 'हिकिकोमोरी' नव्हे. इ. स. ७१२ मधल्या 'कोजिकी' या ग्रंथात सूर्यदेवी आमातेरासु भावाच्या दांडगाईला भिऊन गुहेत जाऊन बसते आणि जग अंधारते, त्या ठिकाणीही हेच क्रियापद आहे; त्यातली 'कोमोरी' ही अक्षरे केवळ ध्वनी दाखवणाऱ्या तीन चिनी चिन्हांनी लिहिलेली आहेत. तिला आधी कोणी ओढायला गेले नाही. बाहेर नाच झाला, देवांचा हशा पिकला, आणि काय चालले आहे हे पाहायला तिने आपण होऊन दार किलकिले केले. मग मात्र दाराआड टपलेल्या देवाने तिचा हात धरून तिला बाहेर ओढले.

समाजाचा प्रश्न म्हणून या शब्दाचा प्रसार झाला तो मानसोपचारतज्ज्ञ साइतो तामाकी यांनी १९९८ साली लिहिलेल्या पुस्तकामुळे. त्यांनी 'सामाजिक' हे विशेषण पुढे लावून, इंग्रजी मानसोपचारशास्त्रातल्या एका लक्षणवाचक संज्ञेचा अनुवाद म्हणून तो वापरला होता. गंमत अशी, की पुढे २०१० साली ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाने तोच शब्द जपानी रूपात उचलला. म्हणजे इंग्रजीतून भाषांतर होऊन गेलेला शब्द इंग्रजीत पाहुणा म्हणून परतला. सहा महिने वा अधिक काळ शाळा, नोकरी आणि घराबाहेरचे संबंध यांपासून दूर राहून मुख्यतः घरातच राहणे, असा त्याचा आज रूढ असलेला अर्थ आहे. तो रोगाचे नाव नाही, हे अनुवाद करताना विसरू नये.

जपानच्या मंत्रिमंडळ कार्यालयाच्या पाहणीतले पर्याय इथे फार उपयोगी पडतात. आपल्या खोलीतून जवळजवळ बाहेर न पडणारा, खोलीतून बाहेर येणारा पण घरातून न निघणारा, एरवी घरी असणारा पण जवळच्या छोट्या दुकानापर्यंत जाऊन येणारा, आणि केवळ स्वतःच्या छंदाच्या कामापुरता बाहेर पडणारा, असे चारही जण या व्याख्येत बसतात. म्हणजे रात्री अकरा वाजता कोपऱ्यावरच्या, चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, घेऊन, कोणाशी न बोलता परतणारा माणूसही हिकिकोमोरी असू शकतो. या कारणाने 'कोंडून घेतलेला' हा पर्यायही मला तोकडा वाटतो, कारण कोंडण्याला दार आणि कडी लागते. शिवाय हा केवळ संगणकावर खेळणाऱ्या तरुण मुलांचा प्रश्न, ही समजूत कधीच मागे पडली आहे. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या अंदाजात ४० ते ६४ या वयोगटातच ६ लाख १३ हजार माणसे निघाली, आणि त्यांतल्या अनेकांची सुरुवात नोकरी सुटण्यापासून झालेली होती. २०२३ मध्ये जाहीर झालेला, १५ ते ६४ या वयोगटाचा अंदाज १४ लाख ६० हजारांचा आहे, आणि चाळिशीपुढच्यांत निम्म्याहून थोड्या अधिक स्त्रिया आहेत. 'घरकोंबडा' म्हणताना यांपैकी कोण डोळ्यांसमोर येते?

आता आपल्या शब्दांकडे वळू. एकलकोंडा कारकून रोज ठरलेली लोकल पकडून कचेरीत जातो, डबा मात्र एकटा खातो. तो समाजातून बाहेर पडलेला नसतो. घरकोंबडा हा थट्टेचा शब्द आहे, तो ऐकताच हसू येते आणि घरी बसण्यात त्याला सुख आहे असे सूचित होते. माणूसघाण्याला माणसे नकोशी असतात. हिकिकोमोरी अवस्थेत पुष्कळदा माणसे हवी असतात, पण त्यांच्यासमोर उभे राहण्याची लाज वाटते. 'एकांतवास' स्वखुशीचा आणि बहुधा आध्यात्मिक, 'विजनवास' राजकारण्यांनी वापरून गुळगुळीत केलेला, आणि 'विलगीकरण' बाहेरून लादलेले. 'कोषात जाणे' त्यातल्या त्यात जवळचे, पण कोष म्हटला की पुढे फुलपाखरू येणारच अशी एक गोड खात्री मागोमाग येते, आणि वीस वर्षे खोलीत काढलेल्या पन्नाशीच्या माणसाबाबत ती क्रूर वाटते.

लाजेचा उल्लेख आला म्हणून एक जपानी शब्द ओघात नोंदवतो, कारण त्याला मराठीत तंतोतंत जोडीदार आहे. 'सेकेन्तेई' म्हणजे चारचौघांत आपले कसे दिसेल याची काळजी. आपली 'लोकलाज' तीच. या लोकलाजेपायी कुटुंबे वर्षानुवर्षे गोष्ट झाकून ठेवतात, आणि मग ऐंशीचे आईबाप पन्नाशीच्या मुलाला निवृत्तिवेतनावर पोसत आहेत, असे चित्र उभे राहते. त्याला तिथे '८०५०' म्हणतात. अनुवादात तो आकडा 'ऐंशी-पन्नास' असाच वाचला जावा अशी सोय करावी, नाहीतर वाचक 'आठ हजार पन्नास' वाचून गोंधळतो.

'हिकु' पासूनच आणखी एक शब्द निघाला आहे : 'हिकिदाशिया'. 'हिकिदाशी' म्हणजे बाहेर ओढणे, आणि टेबलाचा खणही, कारण तो ओढून बाहेर काढायचा असतो. 'या' हा प्रत्यय धंदेवाइकाचा, आपल्या 'वाला'सारखा. आईवडिलांकडून भरमसाट पैसे घेऊन मुलाला खोलीतून जबरदस्तीने बाहेर नेणाऱ्यांना हे उपरोधिक नाव पडले आहे, आणि त्यांच्यावर न्यायालयांत दावेही झाले आहेत. माणसाला खणासारखा ओढणारे, हा अर्थ मराठीत एका शब्दात आणता येणार नाही, पण कंसातल्या एका वाक्यात तो जरूर सांगावा.

उलट उदाहरण आकिता प्रांतातल्या फुजिसातो या छोट्या गावाचे. तिथल्या समाजकल्याण परिषदेने घरोघर चौकशी केली तेव्हा १८ ते ५५ वयाची ११३ माणसे अशी आढळली. करमणुकीचे कार्यक्रम ठेवले तर ती फिरकेनात. कामाचे प्रशिक्षण आहे असे कळवल्यावर मात्र येऊ लागली. २०१० मध्ये त्यासाठी 'कोमित्तो' नावाचे केंद्र उघडले, आणि तिथे माइताके अळंबी घालून केलेला खमंग पदार्थ गावाबाहेर विकला जाऊ लागला. या माणसांना 'घरकोंबडे' म्हणणाऱ्या लेखात ही हकीकत कशी बसवायची, याचा संपादकांनीच विचार करावा.

माझी सूचना अशी. पहिल्या उल्लेखात 'हिकिकोमोरी' हाच शब्द ठेवावा. मूळ उच्चारात शेवटचा इकार ऱ्हस्व असला तरी मराठी लेखनपद्धतीप्रमाणे तो दीर्घ लिहिणेच बरे. (टोकियोकडच्या बोलीत पहिला 'हि' इतका पुसट होतो की कानाला 'ह्कि' असेच ऐकू येते, पण ते लेखनात आणण्याची गरज नाही.) अवस्थेसाठी तो 'त्सुनामी'प्रमाणे स्त्रीलिंगी चालवावा, आणि व्यक्तीला सरळ 'हिकिकोमोरी' न म्हणता 'हिकिकोमोरी अवस्थेतील व्यक्ती' म्हणावे, जपानच्या आरोग्य मंत्रालयाच्या कागदपत्रांतही अशीच रचना आढळते. पुढे लेखभर क्रियापद हवे असेल तेव्हा 'मिटून घेणे' किंवा 'घरात मिटून राहणे' वापरावे. लाजाळूची पाने मिटतात, डोळे मिटतात, छत्री मिटते. त्याला कुलूप लागत नाही, दोष लागत नाही, आणि मिटलेले उघडेलच असे आश्वासनही त्यात नाही. 'हिकिकोमोरु' मधले मागे ओढून घेणे आणि आत राहणे, ही दोन्ही अंगे त्यात येतात.

तेव्हा छपाईला निघालेले वाक्य मी असे लिहीन : 'जपानमध्ये १५ ते ६४ या वयोगटातील सुमारे १४ लाख ६० हजार माणसे हिकिकोमोरी अवस्थेत, म्हणजे समाजातून अंग काढून घेऊन घरात मिटून राहिलेली आहेत, असा तेथील सरकारचा अंदाज आहे.' वाक्य लांबले, हे मान्य आहे. स्तंभात जागा कमीच असेल, तर 'म्हणजे'पासून 'राहिलेली'पर्यंतचा मजकूर तळटीपेत टाकावा, पण 'अंदाज' हा शब्द कापू नये.