जुन्या हॉटेलातील भूतशोधात उपकरणे नेमके काय मोजतात?

आपला प्रश्न असा आहे की, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्याच्या वास्तुविशारदाचे भूत वावरते असे सांगतात, तर अशा जुन्या हॉटेलांत रात्रभर मीटर आणि कॅमेरे घेऊन तपासणी करणाऱ्या पथकांच्या हाती खरोखर काही लागते का. ताजमध्ये मी कधी काम केलेले नाही; मात्र फोर्टमधील दुसऱ्या एका जुन्या हॉटेलाच्या विद्युत देखभाल विभागात मी बावीस वर्षे होतो आणि अशाच एका पथकाबरोबर किल्ल्यांचा जुडगा घेऊन एक अख्खी रात्र फिरलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की हाती काहीतरी लागते, पण ते बहुधा वायरिंग असते.

आधी ताजची कथा पाहू, कारण कोणताही मीटर चालू करण्यापूर्वी तपासायची ती हीच. हॉटेल उलट्या दिशेने, म्हणजे समुद्राकडे पाठ करून, बांधले गेले, हे इंग्लंडहून परतलेल्या गोऱ्या वास्तुविशारदाने पाहिले आणि त्याने वरच्या मजल्यावरून उडी घेतली, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा होता. काम पूर्ण होण्याआधीच वैद्यांचे निधन झाले आणि पुढची जबाबदारी डब्ल्यू. ए. चेंबर्स यांच्याकडे आली. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल सुरू झाले तेव्हा समोर गेटवे ऑफ इंडियाही नव्हते (त्याचे बांधकाम पूर्ण झाले १९२४ साली), आणि पाहुण्यांच्या घोडागाड्या शहराच्या बाजूने येत असल्यामुळे प्रवेशद्वार त्या बाजूला ठेवणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. म्हणजे उलटे काही झालेच नव्हते, आणि ज्या साहेबाचा आराखडा बिघडवला असे म्हणतात, तो आराखडा मुळात त्याचा नव्हता. वैद्यांचे नाव या कथेत कुठेच येत नाही, हे मला भुतापेक्षा जास्त खटकते.

आता आमच्याकडील रात्रीबद्दल. पावसाळ्याचे दिवस होते. पथकाच्या हातात चुंबकीय क्षेत्र दाखवणारा पाच दिव्यांचा मीटर होता आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांमधील जिन्याच्या वळणावर त्याचे पाचही दिवे एकदम पेटले. सर्वांनी श्वास रोखला. तो जिना मला चांगला ठाऊक होता. तेथील दिवा खालून आणि वरून अशा दोन स्विचांवर चाले, आणि कोण्या जुन्या वायरमनने फेज खालच्या मजल्यावरून, तर न्यूट्रल वरच्या मजल्यावरून घेतलेली होती. प्रवाह नेणारी आणि परत आणणारी तार शेजारी शेजारी असली की दोघींची चुंबकीय क्षेत्रे एकमेकींना जवळजवळ नाहीशी करतात. त्या वेगवेगळ्या वाटांनी गेल्या की मधला संपूर्ण भाग एका मोठ्या वेटोळ्यासारखा वागतो आणि तेथे मीटरला दिसेल इतके चुंबकीय क्षेत्र उरते. मी स्विच बंद करताच मीटर शांत झाला. त्यावर पथकातील एकाने वहीत लिहिले, ‘अंधार होताच ती निघून गेली.’

तापमानाचेही तसेच. त्यांच्याकडील इन्फ्रारेड थर्मामीटर हवेचे तापमान मोजतच नाही, तर समोरच्या पृष्ठभागाचे मोजतो. आणि त्यांनी तो दाराच्या चकचकीत पितळी पट्टीवर रोखला होता, ज्यात समोरच्या एसीच्या थंडगार जाळीचेच प्रतिबिंब मोजले जात होते. छायाचित्रांतील पांढरे गोळे म्हणजे फ्लॅशच्या उजेडात भिंगाजवळून गेलेले पावसाचे तुषार होते, त्याविषयी अधिक लिहीत नाही.

मात्र ‘कोणीतरी मागे उभे आहे’ असे वाटणे मी थट्टेवारी नेणार नाही. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील अभियंता विक टँडी यांना प्रयोगशाळेत नेमके असेच वाटत असे आणि डोळ्यांच्या कडेला करडी आकृतीही दिसली होती. दुसऱ्या दिवशी शेगड्यात (वस्तू घट्ट पकडून ठेवणाऱ्या व्हाइसमध्ये) धरलेले तलवारबाजीचे पाते आपोआप थरथरताना पाहून त्यांनी शोध घेतला, तेव्हा नव्याने बसवलेल्या एक्झॉस्ट पंख्यामुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झचा, कानांना ऐकू न येणारा ध्वनी घुमत असल्याचे आढळले. याविषयीचा त्यांचा शोधनिबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला. असा ध्वनी प्रत्येक झपाटलेल्या खोलीचे कारण असेल असे नाही, पण जुन्या हॉटेलात पंखे, पंप आणि लिफ्टच्या मोटारींची काय कमतरता?

आपण एखाद्या पथकाबरोबर जाणार असाल, तर मेन स्विच बंद करून घेतलेली नोंद आणि त्याच जागेची भरदुपारची नोंद, या दोन्ही मागा. आमच्याकडे आलेल्यांनी दुसरी घेतलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी ते सामान आवरत असताना मी त्यांचा मीटर मागून घेतला, दुपारी बारा वाजता त्याच वळणावर उभा राहिलो आणि दिवा लावला. पाचही दिवे पेटले.