शून्य अंशाची स्लीपिंग बॅग पुरेल, पण घड्याळाचं काय?

तुम्ही विचारलंय की डोंगरातल्या खोऱ्यात बर्फ नुकतंच वितळू लागलंय, रस्ता आत्ता कुठे मोकळा झालाय, सायकलवर सामान लादून एकट्याने चार रात्री तंबूत काढायच्यात, तर शून्य अंशाची स्लीपिंग बॅग पुरेल का. बॅगेकडे येतो, पण हंगामाच्या तोंडावर थंडीपेक्षा वेळ चुकली की जास्त फजिती होते.

ओढ्यांचंच बघा. रात्री वरचं बर्फ गोठतं, म्हणून पहाटे पाणी सगळ्यात कमी. ऊन चढलं की बर्फ वितळतं, पण ते पाणी खाली पोचायला काही तास जातात. त्यामुळे ओढ्याला खरा जोर दुपारनंतर येतो, आकाश निरभ्र असलं तरी. मी एकदा दुपारी तीनला एका ओढ्यात सायकल ढकलत शिरलो. मध्यावर पाणी गुडघ्याच्या वर गेलं आणि सायकल चक्क तरंगायला लागली! वॉटरप्रूफ पॅनिअरमध्ये, म्हणजे कॅरिअरला अडकवायच्या सामानाच्या पिशव्यांमध्ये, हवा कोंडलेली असते, हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं. कसाबसा मागे फिरलो आणि अलीकडेच उंचवट्यावर तंबू ठोकला. सकाळी साडेसहाला तोच ओढा घोट्याएवढा होता. पॅनिअर काढून दोन खेपा केल्या, झालं काम.

यात एक गोम आहे. दिवसा खोऱ्यातला वारा सहसा वरच्या दिशेने वाहतो, म्हणजे चढताना दुपारी तो पाठीशी असतो. मोह होतो उशिरा निघायचा. माझं मत विचाराल तर वाटेत पूल नसलेले ओढे असतील तोवर वाऱ्याचा फायदा सोडून द्या आणि उजाडताच निघा. उतरताना तर प्रश्नच नाही, दुपारी वारा तोंडावर येतो.

मुक्कामाला नदीकाठची सपाट हिरवळ सगळ्यांना भुरळ घालते. मलाही घातली होती. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली ओघळते आणि तिथेच साचते; सकाळी तंबू आतूनबाहेरून ओला. काठापासून वीस-तीस मीटर उंचीवरचा एखादा टप्पा बघा, जमल्यास सकाळचं ऊन लवकर येणारा. मात्र वर बर्फाने लदलेला तीव्र उतार असेल किंवा झाडं एकाच दिशेला मोडून पडलेली दिसली, तर तिथे थांबू नका. ती हिमस्खलनाची वाट असते.

आता बॅग. पाकिटावर ठळक छापलेला आकडा बऱ्याचदा 'लिमिट'चा (अंग आखडून कशीबशी झोप लागेल ते तापमान) असतो, 'कम्फर्ट'चा (आरामात झोप लागेल ते) नव्हे. तुमचा शून्य कुठला? हवामानाचा अंदाज खालच्या गावाचा असेल तर दर हजार मीटर उंचीला साधारण साडेसहा अंश वजा करा, आणि साचलेल्या थंडीसाठी आणखी थोडे. मॅट पातळ असेल तर महागडी बॅगही कुचकामी, कारण अंगाखाली दबलेला भराव ऊब धरत नाही. खाली साधी फोमची शीट घाला, दोन्हींची आर-व्हॅल्यू, म्हणजे जमिनीकडे जाणारी ऊब अडवण्याच्या क्षमतेचा आकडा, बेरजेने वाढते.

गॅसच्या डब्यात नुसतं ब्युटेन नको, ते शून्याच्या जरा खाली गेलं की वायू होत नाही. आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रण घ्या. पाण्याचा फिल्टर रात्री बॅगेत घेऊन झोपा. एकदा गोठला की आतल्या नळ्या फुटतात आणि बाहेरून काही कळत नाही. स्टोव्ह बंद तंबूत कधीही पेटवू नका.

खिंडीच्या माथ्यावर, अंग गरम असतानाच, वाऱ्याचं जाकीट आणि जाड हातमोजे चढवा. उतारावर बोटं बधिर झाली की ब्रेक दाबला जात नाही. ओल्या रस्त्यावरची बारीक वाळू ब्रेक पॅड भराभर खाते, जादा जोडी ठेवा.

एकटे आहात, तर घरी मार्गासोबत 'अमुक वाजेपर्यंत निरोप आला नाही तर शोध सुरू करा' अशी वेळही देऊन ठेवा. फोनला रेंज गृहीत धरू नका.

बॅगेच्या लेबलावरचे दोन्ही आकडे आणि मॅटची आर-व्हॅल्यू कळवा, मग नेमकं सांगता येईल.