७सी बदलला तर ट्रम्पेटचे वरचे सूर लागतील का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बँडमध्ये दोन-तीन वर्षं ट्रम्पेट वाजवताय, वाद्याबरोबर आलेला ७सी माउथपीसच (ओठाला लावून फुंकायचा सुटा तुकडा) अजून लावताय, मिरवणुकीत तासाभरात ओठ जातात आणि वरचे सूर ऐनवेळी दगा देतात. दुकानदार म्हणतो १४ए४ए घ्या, बँडमधले सीनिअर म्हणतात ३सी घ्या. कुणाचं ऐकायचं?

तूर्तास कुणाचंच नको. मी पोलीस बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचो, आता मुलांना शिकवतो. माउथपीस बदलायचाय म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट करायला लावतो. ट्रम्पेटच्या नळीवर करंगळी अडकवायला हुक असतो, उजव्या हाताची करंगळी त्यातून बाहेर काढा, हुकाच्या वर नुसती टेकवून ठेवा आणि जे गाणं अडतंय तेच वाजवा. करंगळी मोकळी झाल्याबरोबर वरचे सूर गायब झाले, तर ते सूर आजवर फुंकेने लागतच नव्हते. करंगळीने ट्रम्पेट तोंडावर ओढून ओठ दाबायचे आणि सूर पिळून काढायचा, असं चाललं होतं. वाजवून झाल्यावर आरशात बघा. ओठावर हलकी खूण सगळ्यांनाच येते, पण रिमचं, म्हणजे माउथपीसच्या ओठाला टेकणाऱ्या काठाचं, लालभडक कडं अर्धा तास जात नसेल तर दुखणं तिथे आहे.

दाबलेल्या ओठात रक्त नीट फिरत नाही. ओठ थरथरायला कचरतो, मग आपण आणखी दाबतो, तो आणखी बधिर होतो. लुई आर्मस्ट्राँगसारख्या जगप्रसिद्ध जॅझ ट्रम्पेटवादकालाही ओठांच्या दुखण्याने वाजवणं थांबवावं लागलं होतं. ओठाभोवतीचा स्नायू फाटण्याच्या दुखापतीला डॉक्टर लोक ‘सॅचमो सिंड्रोम’ म्हणतात, ते त्याच्याच टोपणनावावरून. तेव्हा ही सवय आधी सोडवा. रोज पंधरा मिनिटं हळू आवाजात लांब सूर आणि वाल्व्ह (बोटांनी दाबायच्या कळा) न दाबता नुसत्या ओठांनी खालून वर, वरून खाली. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय मला आजवर सापडलेला नाही.

आता त्या आकड्यांकडे येऊ, कारण दुकानात निम्मा गोंधळ तिथेच होतो. ७सी, ३सी ही बाकची पद्धत. व्हिन्सेंट बाक हा मूळचा ऑस्ट्रियाचा ट्रम्पेटवादक, इंजिनिअरिंग शिकलेला; १९१८ मध्ये न्यूयॉर्कला त्याने माउथपीस बनवायला सुरुवात केली. त्याच्या पद्धतीत आकडा लहान तितका रिमचा व्यास मोठा. अक्षर कपाच्या, म्हणजे रिमच्या आतल्या वाटीच्या, खोलीचं: ए सगळ्यात खोल, सी मधला, ई उथळ. १४ए४ए ही शिल्की आणि यामाहा या कंपन्यांची पद्धत, आणि ती बरोबर उलटी चालते. आकडा मोठा तितका व्यास मोठा, अक्षर ए म्हणजे सगळ्यात उथळ कप. पुढचा आकडा रिमच्या आकाराचा, शेवटचं अक्षर बॅकबोअरचं, म्हणजे आतून पुढे रुंदावत जाणाऱ्या नळीचं. थोडक्यात, दुकानदार तुम्हाला सांगतोय तो माउथपीस कागदावर ७सीपेक्षा रुंदच आहे, फक्त खूप उथळ. हे त्याला तरी माहीत आहे का, विचारून बघा!

मिलिमीटरवर फार विसंबू नका. बाकच्या तक्त्यात ७सी १६.२० मिमी, ५सी १६.२५ आणि ३सी १६.३०. म्हणजे सीनिअर सांगतात त्या बदलात कागदावर फरक एक दशांश मिलिमीटरचा. तरी ओठाला तो वेगळा लागतो, कारण रिमची गोलाई आणि आतली धार वेगळी असते. शिवाय व्यास नेमका किती खोलीवर मोजायचा हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, त्यामुळे एकीचा आकडा दुसरीशी ताडून उपयोग नाही. आणि बाजारात ७सी कोरलेला प्रत्येक माउथपीस बाकचा नसतो. हा आकडा आता कुणीही कोरतं.

म्हणून माझ्या मते निवड रिमपासून सुरू करायची. ७सीची आतली धार जराशी तीक्ष्ण असते. त्यामुळे सुराची सुरुवात स्वच्छ होते, पण थकलेल्या ओठाला ती चावते. तुमचे ओठ जाड असतील, आत दाटीवाटी वाटत असेल, किंवा धारेची रेघ ओठावर उठत असेल, तर ५सी किंवा ३सी लावून बघायला हरकत नाही. सीनिअर त्या अर्थाने चूक नाहीत. फक्त ३सीने वरचे सूर मिळतील ही आशा ठेवू नका. मिळाला तर थोडा भरदार आवाज आणि ओठाला हलायला जागा मिळेल. त्याहून मोठे, म्हणजे १½सी वगैरे, मुख्यतः ऑर्केस्ट्रातले लोक वापरतात. रस्त्यावर तीन तास वाजवणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

कप ठरवायचा तो कामावरून. उथळ कपाने आवाज चमकदार होतो, ढोल-ताशाच्या आणि डीजेच्या गदारोळातून आरपार जातो, आणि वरच्या पट्टीत सतत राहायचं असेल तर दम थोडा वाचतो. १४ए४ए त्यासाठीच आहे, लीड म्हणजे सगळ्यात वरच्या पट्टीतली मुख्य सुरावट वाजवणाऱ्यांसाठी. पण ओठ जाड असले किंवा आत जास्त घुसत असले, तर ते कपाच्या तळाला टेकतात आणि आवाज मध्येच कापल्यासारखा बंद होतो. दाबून वाजवणाऱ्याच्या बाबतीत हे हमखास होतं. म्हणजे ज्या त्रासासाठी तुम्ही तो घ्याल, तोच वाढेल. शिवाय संथ भक्तिगीताला किंवा जुन्या सिनेगीताच्या हळव्या तुकड्याला तो आवाज पत्र्यासारखा वाटतो.

सुराचंही बघावं लागतं. उथळ कपाने वरचे सूर चढू लागतात, खोल कपाने उतरतात. आपल्याकडे हे तपासायची सोपी सोय आहे: नेहमीच्या बी-फ्लॅट ट्रम्पेटवर वाल्व्ह न दाबता निघणारा सी म्हणजे पेटीची काळी पाच. मोबाइलवर तानपुरा काळी पाचला लावा, मोकळ्या वाल्व्हवर सा, प, तार सा धरा. जुन्या माउथपीसने सुरात येणारा तार सा नव्याने चढा लागला, तर बँडमध्ये क्लॅरिनेटवाला तुमच्याकडे वळून बघणारच.

दुकानात पाच मिनिटं वाजवून काही कळत नाही. नवा माउथपीस पहिल्या दिवशी नेहमीच छान वाटतो. बदलून देण्याच्या बोलीवर आणा, दोन आठवडे फक्त तोच लावा, आणि सगळ्यात हळू आवाजात सूर सुरू होतो का ते बघा. मोठ्याने तर काहीही वाजतं. एका वेळी एकच गोष्ट बदला: रिम बदलत असाल तर कप सीच ठेवा. थ्रोट, म्हणजे आतलं बारीक भोक, बाकमध्ये साधारण ३.६६ मिमी असतं. ‘ड्रिल मारून मोठं करून देतो’ म्हणणारे भेटतील. ते भोक परत लहान होत नाही, तेव्हा नको.

तुमच्यासाठी माझा क्रम असा: आधी करंगळी सोडून दोन महिने ७सीवरच. मग रिम बोचतच असेल तर ५सी किंवा ३सी. उथळ माउथपीस त्यानंतर, तोही लग्नसराईत लीडसाठी दुसरा म्हणून.

आणि घेताना शँक, म्हणजे माउथपीसचा वाद्यात शिरणारा दांडा, ट्रम्पेटचाच आहे ना, हे नक्की पाहा. कॉर्नेटचा शँक बारीक असतो, तो ट्रम्पेटमध्ये डुगडुगतो. कागद गुंडाळून बसवू नका. योग्य शँक साधारण इंचभर आत जाऊन घट्ट बसतो. मुलामा उडून पितळ दिसायला लागलेला जुना माउथपीस कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, ओठांना त्रास होतो. आणि कधी अडकून बसलाच, तर पकडीने पिळू नका. दुरुस्तीवाल्याकडे माउथपीस पुलर असतो, दोन मिनिटांत निघतो.